आधी पोतं, मग पोरगी

सहलीहून परतलेल्या पोरांनी माझ्या मुलीसाठी एक टोपी आणली होती. हिरवी टोपी, पुढे गोरिलाचं चित्र. मुख्याध्यापकांनी स्वतः ती तिच्या डोक्यावर चढवली आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मी तिला घ्यायला गेले होते, वर्गाच्या दारातच उभी होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिनं मान एका बाजूला टाकली. टोपी खाली. सरांनी उचलून पुन्हा घातली, तिनं पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा त्यांनी टोपी माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "तिला काय समजते बिचारीला."

समजत होतं म्हणूनच तर टोपी जमिनीवर होती.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, पाचवीत आहे. जन्मली तेव्हा रडली नाही. त्या काही मिनिटांत मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, हात सांगितलेलं ऐकत नाहीत, कमरेत धड बसण्याइतका जोर नाही आणि तोंडातून शब्द येत नाहीत. डोकं मात्र बापापेक्षा तेज आहे, हे तिचा बापही कबूल करतो. 'हो' म्हणायचं असलं की ती डोळे वर नेते. 'नाही' म्हणायचं असलं की ओठ घट्ट मिटते, पांढरे पडेपर्यंत. एवढंच. आमच्या कुडवा गावच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्याला हे आठवडाभरात कळलं. तो एकेक भाजी वर उचलून तिलाच विचारतो, आणि कारल्याला तिचे ओठ मिटले की मलाही कारलं विकत नाही. पण शिकलेल्या माणसांना हे जड जातं. ते माझ्याकडे बघून विचारतात, "तिला भूक लागली का?" आणि मी, अकरा वर्षांची सवय, उत्तर देऊन मोकळी होते.

सहलीची चिठ्ठी वर्गातल्या सगळ्यांच्या वहीत चिकटवून आली होती, हिच्या वहीत नव्हती. मला शेजारच्या घरातून कळलं. दुसऱ्या दिवशी शिवणकामाची मशीन तशीच सोडून मी शाळेत गेले. सर म्हणाले, "बाई, तो पार्क म्हणजे नुसते झुले आणि गर्दी. पडली तर? घाबरली तर? तिला कोण धरणार? त्यापेक्षा आपण तिच्यासाठी काहीतरी घेऊन येऊ."

खरं सांगायचं तर हे सर वाईट नाहीत. दोन शाळांनी नाही म्हटल्यावर यांनीच तिला घेतलं, वर्ग तळमजल्यावर आणला. त्यामुळे त्यांच्यापुढे माझी जीभ जरा आखडते. उपकाराचं ओझं असलं की भांडण अर्ध्यातच बसतं. त्या दिवशी मी "बरं" म्हणून परत आले आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

सहलीनंतर आमच्या ओट्यावर गल्लीतली पोरं जहाज-जहाज खेळू लागली. पार्कात म्हणे एक मोठं जहाज आहे, पाण्यात नाही, हवेत झुलतं. पोरं दोन रांगांत बसायची, एकदम मागे रेलायची, एकदम पुढे यायची आणि जीव खाऊन किंचाळायची. माझी मुलगी खुर्चीतून बघायची. तिची खुर्ची शिबिरात मिळालेली आहे, मोठ्या माणसाच्या मापाची, मी आत गाद्या शिवून ती तिच्या अंगाची केली. त्या खुर्चीत ती तीन दिवस जेवायला तोंड उघडेना. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर खाली बसले आणि यादी सुरू केली. कुणावर राग आहे? माझ्यावर? ओठ मिटलेले. सरांवर? डोळे अर्धवट वर. तुला पार्कात जायचं? डोळे वर. गोरिला पाहायचा? ओठ. पाण्यात खेळायचं? ओठ. जहाज?

डोळे इतके वर गेले की नुसतं पांढरं दिसू लागलं. मी म्हटलं, "बास, बास. डोळे परत आन. जाऊ."

माझा नवरा राइस मिलमध्ये फिटर आहे. कमी बोलतो, आणि जे बोलतो ते धानाच्या पोत्यासारखं धप्पकन टाकतो. रात्री जेवताना त्याला सांगितलं तर म्हणाला, "बसन कशी ते? कमरेत जोर नाही तिच्या." मी ताटावरून उठायच्या बेतात होते. मला वाटलं, हाही त्यांच्यातलाच. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी हा माणूस एकटाच गाडी काढून गेला आणि दुपारी परत आला. कुठे गेला होता विचारलं तर खिशातून कागद काढला. त्यावर जहाजातली सीट काढलेली होती, बाजूनं, वरून, वितीनं घेतलेल्या मापांसकट.

"दांडा मांड्याइवर येते," तो म्हणाला. "पाठ मोकळी राह्यते. पाठीले आन छातीले धरनारं काही पाह्यजे. तू शिव."

मी शिवलं. गेली पंधरा वर्षं मी ब्लाउज शिवते आहे, शाळेचे गणवेश शिवते आहे, पण एवढ्या मन लावून काही शिवलं नव्हतं. खाटेची निवार घेतली, दोन्ही खांद्यांवरून येईल आणि छातीवर एकमेकीला भेटेल अशी. एक पट्टी कमरेला. एक मांड्यांमधून, कारण तिच्याशिवाय पोर खालून सरकते, हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. बकला जुन्या दप्तरांच्या नव्हत्या घेतल्या, त्या दगा देतात. नवऱ्यानं लोखंडी आणल्या. आतून जुन्या चादरीचं मऊ अस्तर लावलं. प्रत्येक जोडावर चार-चार वेळा टीप मारली. मशीनच्या दोन सुया तुटल्या. मुलगी समोर बसून बघत होती, आणि वरून कोणत्या रंगाचं कापड लावू विचारलं तेव्हा तिनं लाल निवडलं.

आमच्या विहारात रविवारी बायका जमतात. तिथे बातमी पोचली होतीच. एक वयस्क बाई प्रेमानंच म्हणाल्या, "काऊन धोका घेऊन राहिली वो? घरी बसल्या लेकराचं कायले असं?" याच विहाराच्या पायऱ्यांशेजारी खुर्चीसाठी उतार बांधायचा म्हणून मी दोन वर्षं भांडले होते, तेव्हाही सुरुवातीला असंच बोलणं झालं होतं. आता त्याच उतारावरून त्या बाई गुडघे दुखतात म्हणून ये-जा करतात. मी त्यांना एवढंच म्हटलं, "घरी बसून ते कंटाळली, आजी."

आम्ही निघालो तो थंडीतला रविवार होता. खुर्ची गाडीवर मावत नाही. म्हणून पुढे नवरा, मध्ये मुलगी, तिच्यामागे मी, आणि तिघांना मिळून एक ओढणी बांधलेली. ती बापाच्या पाठीला गाल लावून बसते आणि वेग वाढला की खूश होते. धान कापून झालं होतं. शेतांच्या बांध्यांमध्ये भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते, मधे कुठे लाखोळीच्या पिकाचा हिरवा थर. आणि अशा मोकळ्या बांध्यांमध्ये एकदम एक दुमजली गोरिला उभा. छातीवर मुठी आपटतोय. त्याच्या डोक्यावर एक बगळा निवांत बसलेला होता. आमच्या जिल्ह्यात खरं जंगल आहे, खरे वाघ आहेत, सालेकशाकडे अस्वलं मोहफुलं खायला येतात. तरी माणसं पैसे देऊन फायबरचं जंगल बघायला रांग लावतात. मला हसू आलं. मग आठवलं की आपणही त्याच रांगेत आहोत.

तिकीट देणाऱ्यानं खिडकीतून वाकून मुलीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "इसको क्या हुआ है?"

"कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "जहाज पे बैठने आई है."

त्यानं तिकीट तिघांचंही पूर्ण फाडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

आत तिला कडेवर घेऊन फिरताना लोक बघत होते. बघू देत. वीस किलोंची पोर कडेवर घेतली की अंग एका बाजूला वाकतं, आणि अशा वाकलेल्या बाईला सगळे रस्ता देतात, हा एकच फायदा. छोट्या आगगाडीत बसलो. पुतळ्यांचं जंगल पाहिलं. ती सगळीकडे सभ्यपणे बसली, लग्नात न आवडणारी मिठाई खाणाऱ्या पाहुण्यासारखी. तिचं सगळं लक्ष त्या कोपऱ्यातल्या किंचाळण्याकडे होतं.

जहाज दिसलं. कागदावर ते एवढं उंच नव्हतं. शिंगवाल्या राक्षसाचं तोंड असलेलं ते धूड वर जायचं, क्षणभर तिथेच लटकायचं आणि पोटातून सगळं काढून घेत खाली यायचं. मी मुलीकडे पाहिलं. लाळ गळत होती, हात ताठ झाले होते, ती थरथरत होती. भीतीनं नव्हे. हा थरथराट मी ओळखते.

जहाज चालवणारा पन्नाशीचा माणूस होता, कानाला मफलर. आम्हाला रांगेत पाहून तो फाटकापाशी आला. "नहीं होगा दीदी," म्हणाला आणि शेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर छापील अक्षरांत लिहिलं होतं, हृदयाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया. त्याखाली हातानं, वेगळ्या रंगात, एक शब्द वाढवलेला होता: विकलांग.

"ये किसने लिखा?" मी विचारलं.

"मालूम नहीं. हमारे आने के पहले से है."

"तो मिटा दो."

तो हसला. मी हसले नाही. मी पिशवीतून पट्टा काढला, त्याला दाखवला, कुठून कसा बांधायचा ते समजावलं. तो ऐकत होता, पण मान हलवत होता. मागची रांग कुरकुरू लागली. एक जण म्हणाला, "मॅडम, बच्ची को तकलीफ होगी, क्यों जिद कर रही हो?" मी वळून म्हटलं की भाऊ, तुम्हाला माझ्या पोरीची तकलीफ आत्ता दोन मिनिटांपासून माहीत आहे, मला अकरा वर्षांपासून, तेव्हा जरा थांबा. त्याच्या मागे सालेकशाकडची एक शाळा सहलीला आली होती, निळ्या गणवेशातल्या पंधरा-वीस मुली, त्या मात्र कुरकुरत नव्हत्या. मान लांब करकरून बघत होत्या.

मॅनेजर आला. तरुण, हातात वॉकीटॉकी. गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याशी भांडायला मला सगळ्यात त्रास होतो. तो म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आणा. मी म्हटलं, रांगेतल्या कुणाकडे आहे चिठ्ठी, दाखवा. तो म्हणाला, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, पट्टा घरी शिवलेला आहे, त्याची काय खात्री? आणि तिथे मी अडले. कारण खात्री मला होती, पण ती त्याच्या हातावर ठेवता येण्यासारखी नव्हती. माझा आवाज चढला होता, आणि आता रडले तर सगळं संपलं हे मला कळत होतं.

तेव्हा इतका वेळ कुंपणाला टेकून जहाजाचे सांधे बघत बसलेला माझा नवरा पुढे आला.

"आमच्या मिलमंधी," तो मॅनेजरला म्हणाला, "नवा पट्टा चढवला का मानसाले जवळ जाऊ देत नाही. आधी मशीन रिकामी चालवते. मंग पोतं टाकून पाह्यते. पोतं टिकलं, तं मानूस. तुमीबी पोतं बसवा."

मॅनेजरला काही कळलं नाही. नवऱ्यानं बोट दाखवलं. आग विझवायच्या लाल बादल्यांजवळ रेतीची पोती रचलेली होती. त्यानं त्यातलं एक उचलून खांद्यावर टाकलं, अंदाज घेतला, म्हणाला, "पोरीपेक्षा जडच हाय. चालन." आणि कुणाच्या परवानगीची वाट न पाहता तो पोतं घेऊन जहाजात चढला.

मफलरवाल्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं गर्दीकडे पाहिलं. गर्दीला आता हे हवंच होतं. "चलाओ, चलाओ," मागून ओरडा झाला.

नवऱ्यानं पोत्याला मधल्या सीटवर बसवलं, पट्टा त्याच्या खांद्यांवरून घेतला. पोत्याला खांदे नसतात, तरी घेतला. बकला लावल्या, दांडा खाली केला, हलवून पाहिलं आणि उतरला. मग ते अख्खं जहाज एका रेतीच्या पोत्याला घेऊन निघालं. पहिल्या झोक्याला पोतं मागे रेललं, दुसऱ्याला पुढे झुकलं, मग एवढं वर गेलं की आभाळाला पाठ लावून बसल्यासारखं दिसलं. खालच्या निळ्या गणवेशातली एक मुलगी ओरडली, "पोत्या, घट्ट धर बे!"

माझ्या मुलीला हसू फुटलं. तिचं हसणं उचकीसारखं सुरू होतं, मग अंगभर पसरतं, आणि मग तिला धरून ठेवणं अवघड होतं. तिच्या हसण्यानं त्या मुली हसल्या, त्यांच्या मॅडम हसल्या, मघाचा तकलीफवाला भाऊही हसला. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि मला संतापही आला होता. त्या पोत्याला कुणी विचारलं नव्हतं की तुला काय झालंय. त्याच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. त्याला तिकीटसुद्धा नव्हतं. हे मी मॅनेजरला मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि त्यानं पहिल्यांदाच नजर खाली केली.

जहाज थांबलं. नवऱ्यानं पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, मग मफलरवाल्यालाही घालायला लावलं. पोतं सीटवरून सरकलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, निदान लिहून तरी द्या. मी त्याच्याच पेननं लिहून दिलं: माझी मुलगी तिच्या स्वतःच्या मर्जीनं जहाजात बसत आहे. खाली सही केली, आणि तिचा अंगठा घेतला, कारण मर्जी तिची होती.

तिला सीटवर बसवलं. खांदे, छाती, कंबर, मांड्या. मान टेकायला माझी शाल गुंडाळून दिली. दोन सीट मागे त्या निळ्या गणवेशातल्या मुली भराभर चढून बसल्या होत्या. मी मुलीशेजारी बसले, हात तिच्या पाठीमागे टाकला आणि मफलरवाल्याला म्हटलं, "चलो."

तेवढ्यात मुलीचे ओठ मिटले.

मी घाबरले. "दुखते का?" ओठ तसेच. पट्टा आवळतो? तसेच. उतरायचं? आणखी घट्ट, पांढरे. बाबा पाहिजे? तेही नाही. मग तिनं डोळे फिरवले, त्या निळ्या मुलींकडे, मग माझ्याकडे, मग फाटकाकडे. माझ्याकडे आणि फाटकाकडे. दोनदा.

मला तिच्या पहिल्या नजरेतच कळलं होतं. कळलं नाही असं मी दाखवलं, हे इथे कबूल करते. म्हटलं, "नाही माय. त्यांना जमायचं नाही. पडशील. घाबरशील. तुला कोण धरणार?"

शब्द तोंडातून निघाले आणि मला ते ओळखू आले. शाळेच्या ऑफिसात, टेबलाच्या पलीकडून, मी ते अगदी याच क्रमानं ऐकले होते. ज्यांच्यावर मी महिनाभर दातओठ खात होते, त्यांचंच बोलणं मी माझ्या पोरीला ऐकवत होते, तेही प्रेमानं, तिच्या पाठीवर हात ठेवून. लाज वाटली. इतकी की थंडीत कान तापले. तिला जहाज हवं होतं हे खरं, पण नुसतं जहाज नव्हे. पोरं गेली होती तसं, पोरींमध्ये बसून, आईशिवाय. सहल म्हणजे तेच तर असतं. कुणाची आई येते सहलीला?

पण तरी मी उठले नाही. खालून नवरा म्हणाला, "उतर ना तू. पट्टा हाय ना. पोत्याजवळ कोन बसलं होतं?"

मागच्या रांगेतून ती मघाची, पोत्याला ओरडलेली, पुढे झुकली. तेलकट दोन वेण्या, एक दात पडलेला. "काकू, आमी बसतो ना तिच्या दोही बाजूनं. कसं धरायचं तेवढं सांगा."

मी त्यांच्या मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग मी सांगितलं. एक हात तिच्या मानेमागे, असा. दुसरी तिच्या हातावर हात ठेव, नाहीतर हात उडतो, तोंडावर लागतो. लाळ गळली तर घाबरायचं नाही, पुसायची. ती ओरडली तर मजा येतेय असं समजायचं. डोळे वर म्हणजे हो. ओठ मिटले म्हणजे नाही. त्या दोघी मान हलवत होत्या, आणि मी तेच तेच परत सांगत होते, कारण सांगणं संपलं की मला उतरावं लागणार होतं. शेवटी वेण्यावाली म्हणाली, "समजलं, काकू." अगदी भाजीवाल्यासारखं, एवढं काय त्यात, अशा आवाजात.

मी उतरले. फाटक लागलं. जहाज हललं.

अकरा वर्षांत ती माझ्या हातापासून इतकी लांब आणि इतकी उंच कधी गेली नव्हती. मी कुंपणाची जाळी धरली होती आणि मनात म्हणत होते, थांबवा, थांबवा, आता थांबवा. मोठ्यानं म्हटलं नाही. जहाज वर गेलं, तिथे लटकलं, आणि खाली येताना मला तिचा आवाज ऐकू आला. वीस मुलींच्या किंकाळीतून मी तो वेगळा ओळखला. सगळ्यात बेसूर आणि सगळ्यात मोठा. तिची मान वेण्यावालीच्या खांद्यावर होती, तोंड पूर्ण उघडं. दुसऱ्या फेरीला वेण्यावालीनं तिचा ताठ हात धरून वर उचलला, बाकीच्या मुलींनी उचलले होते तसा. मी तिच्याकडे हात हलवला. तिनं पाहिलं नाही. मी परत हलवला. प्रत्येक वेळी जहाज माझ्या डोक्यावरून गेलं आणि एकदाही तिनं खाली, माझ्याकडे पाहिलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. छातीत कळ यावी तसं वाटलं. आणि त्याच वेळी मला त्या मॅनेजरला, सरांना, विहारातल्या आजींना, सगळ्यांना हाताला धरून इथे आणून उभं करावंसं वाटत होतं.

जहाज मंदावलं, थांबलं. मी दोन्ही हात पुढे करून धावतच फाटकाशी गेले. मफलरवाला आधीच वर चढला होता, तिच्या सीटशी उभा होता. तिचे केस विस्कटलेले, हनुवटी ओली, आणि दोन्ही बाजूंच्या पोरी अजून तिला तशाच धरून बसलेल्या.

तो माझ्याकडे वळला. "उतारूँ क्या दीदी? कि एक राउंड और?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं.

"मेरे को क्या पूछते हो?" मी म्हटलं. "उसको पूछो."

तो गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग मफलर कानावरून खाली ओढला आणि गुडघे वाकवून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. "क्यों बेटा? और एक बार?"

तिचे डोळे वर गेले. तोही मान उचलून वर पाहू लागला, तिथे काय आहे ते.

दोन्ही पोरी एकदम ओरडल्या, "अजी, हो म्हणून राहिली ते!"

तो हसला, खाली आला आणि त्यानं फाटक लावून घेतलं. मी बाहेर होते.